वीस टक्के म्हणजे वाढीव भाव नव्हे: सरकारी टेंडरात देशी पुरवठादार म्हणून कसं उतरायचं

रबाळे एमआयडीसीत माझं कंट्रोल पॅनेलचं वर्कशॉप आहे. पंपहाऊस, मलनिस्सारण केंद्र, कधी रेल्वेची शेड, अशा ठिकाणची पॅनेलं आम्ही बांधतो आणि बरंचसं काम टेंडरातूनच येतं. त्यामुळे सरकारनं स्वस्त परदेशी माल बाजूला सारून देशी पुरवठादाराला झुकतं माप द्यावं का, हा वाद गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रंगला की माझा कान तिकडेच असतो. माझं मत सांगून टाकते. झुकतं माप द्यावं, पण ते भावात नको, संधीत हवं. परदेशी मालाचा स्वस्त भाव आला की सरकारनं आधी देशी कारखानदाराला विचारावं, "याच भावात देता का?" हो म्हणाला तर काम त्याचं, नाही म्हणाला तर विषय संपला. आणि हे विचारायचं ते जिथे खरंच पत्रा वाकतो, बसबार (तांब्याची जाड पट्टी) कापला जातो तिथे. गोदामात खोका उघडून वर आपलं स्टिकर चिकटवणाऱ्याला विचारण्यात काही अर्थ नाही.

केंद्र सरकारचा सार्वजनिक खरेदीतला 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देणारा आदेश बराचसा याच विचारावर उभा आहे. तो 15 जून 2017 रोजी निघाला आणि नंतर अनेकदा सुधारला गेला. व्हॉट्सॲपवर अजून पहिल्या आवृत्तीच्या पीडीएफ फिरतात, त्या पुसून टाका. 16 सप्टेंबर 2020 ची आणि 19 जुलै 2024 ची सुधारणा वाचा. आदेश चांगला आहे, पण तो वापरायचा कसा हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

पैसा कुणाचा, ते आधी बघा

टेंडर उघडलं की बहुतेक जण थेट बीओक्यूवर, म्हणजे वस्तू आणि परिमाणांच्या यादीवर, उडी मारतात. मी आधी निविदा सूचनेत निधी कुठला ते शोधते, कारण प्राधान्य मिळणार की नाही ते तिथेच ठरतं. हा आदेश केंद्राची मंत्रालयं, त्यांची कार्यालयं, केंद्राच्या स्वायत्त संस्था आणि सरकारी कंपन्या यांना बांधतो. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका स्वतःच्या तिजोरीतून पंप दुरुस्त करत असेल, तर तो आपोआप लागू होत नाही. तिथे राज्याची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी कार्यपद्धती आणि त्या टेंडरातल्या अटी बघायच्या. पण तीच महापालिका 'अमृत 2.0' सारख्या योजनेतून खरेदी करत असेल आणि त्यात केंद्राचा पैसा पूर्ण किंवा थोडासुद्धा असेल, तर आदेश राज्याला आणि स्थानिक संस्थेलाही लागू होतो. एकाच इमारतीतून, एकाच अभियंत्याच्या सहीनं निघालेल्या दोन टेंडरांना वेगवेगळे नियम लागू शकतात. निधीचा उल्लेख सापडला नाही, तर तो प्री-बिडमधला, म्हणजे बोलीआधीच्या बैठकीतला, तुमचा पहिला प्रश्न.

तिसरा प्रकार परदेशी कर्जाचा. जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँकेचं कर्ज असेल तर नियम कर्ज देणाऱ्याचे. दिल्ली-मेरठ जलद रेल्वेच्या न्यू अशोक नगर ते साहिबाबाद भुयाराचं टेंडर आठवा. 2020 च्या जूनमध्ये शांघायच्या टनेल इंजिनिअरिंग कंपनीची बोली सर्वात कमी निघाली, 1,126 कोटी. एल अँड टी दुसरी, 1,170 कोटी. गलवानचे दिवस होते, देशभर गदारोळ झाला. तरी 2021 च्या जानेवारीत काम चिनी कंपनीलाच गेलं, कारण पैसा आशियाई विकास बँकेचा आणि तिच्या नियमात देश बघून बोली बाद करता येत नाही. फरक जेमतेम 4 टक्क्यांचा. पैसा आपला असता तर 'तेवढ्याच भावात करा' म्हणून देशी कंपनीला बोलावता आलं असतं. म्हणून देशप्रेमावर भाषण करण्याआधी कर्जाचा करार बघावा.

2020 मध्येच 23 जुलैला आणखी एक आदेश आला: भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशातल्या बोलीदाराला सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय सरकारी टेंडर भरता येत नाही. हा राज्यांनाही लागू आहे. त्याचं हमीपत्र तुमच्याकडूनही मागतात, तुम्ही रबाळ्याचेच असलात तरी. ते जोडायचं राहिलं तर तांत्रिक लिफाफ्यातच, भाव उघडण्याआधी, बाद व्हाल, तेवढं सांभाळा.

वीस टक्क्यांचा घोळ

माझा भाचा आता वर्कशॉपात येतो, हुशार आहे. पहिल्या मोठ्या टेंडराच्या वेळी म्हणाला, "आत्या, आपल्याला वीस टक्के प्राधान्य आहे ना? मग भाव वीस टक्के चढवूनच टाकू या." ही समजूत त्याच्या एकट्याची नाही, चांगल्या जुन्या कारखानदारांच्या तोंडूनही ऐकली आहे.

आदेशात पुरवठादाराचे तीन वर्ग आहेत. लोकल कंटेंट, म्हणजे भावातला देशी वाटा, 50 टक्के किंवा जास्त असेल तर क्लास-वन, 20 ते 50 मध्ये क्लास-टू, 20 च्या खाली नॉन-लोकल. 200 कोटींच्या आतल्या खरेदीत खास मंजुरीशिवाय जागतिक निविदा काढता येत नाही, त्यामुळे नॉन-लोकलला अशा टेंडरात दारच बंद असतं. क्लास-टूला बोली लावता येते, प्राधान्य मिळत नाही. प्राधान्य फक्त क्लास-वनला.

आता ते वीस टक्के. समजा दहा पॅनेलांचं टेंडर आहे. क्लास-टूवाला एल-वन, म्हणजे सर्वात कमी भावाचा, आला, 2,10,000 रुपये नग. तुम्ही क्लास-वन, तुमचा भाव 2,40,000. एल-वनच्या वर वीस टक्के म्हणजे 2,52,000. तुम्ही त्याच्या आत आहात, म्हणून तुम्हाला बोलावणं येतं. बोलावणं कशाचं, तर 2,10,000 ला देण्याचं. हो म्हणालात तर, माल विभागून घेता येणारा असेल तर निम्मी पॅनेलं तुमची आणि निम्मी एल-वनची. विभागता येत नसेल तर सगळं काम तुमचं. नाही म्हणालात तर पुढच्या क्लास-वनला विचारतात. कुणीच तयार नसेल तर एल-वन घेऊन जातो. सरकारच्या खिशातून एक रुपया जास्त जात नाही.

म्हणूनच 'देशी म्हणजे करदात्याला भुर्दंड' हा टपरीवरचा मुद्दा मला पटत नाही. भुर्दंड पडतो तो स्पर्धाच बंद केली तर. एखाद्या वस्तूची पुरेशी क्षमता आणि स्पर्धा देशात आहे असं मंत्रालयानं जाहीर केलं की तिथे फक्त क्लास-वनलाच बोली लावता येते. अशा वेळी मैदानात तीन-चारच कारखाने असतील तर भाव कुठे जातील हे मी कारखानदार असूनही सांगू शकते.

अमेरिकेचा 'बाय अमेरिकन' कायदा 1933 चा आहे आणि त्यात देशी घटकांची अट 2024 पासून 65 टक्के झाली, 2029 पासून 75 होणार. तिथे तुलनेसाठी परदेशी भावावर टक्के चढवतात आणि देशी पुरवठादाराला स्वतःचा वाढीव भाव मिळू शकतो. आपली पद्धत त्याहून कंजूष आहे, आणि मला ती जास्त आवडते.

लोकल कंटेंटचा हिशेब

इथे सावकाश चला. सूत्र साधं आहे: जीएसटी वगळून विक्रीचा भाव घ्या, त्यातून आयात मालाची किंमत सीमाशुल्कासकट वजा करा, उरलं त्याचं भावाशी प्रमाण काढा. मजुरी, पत्रा, तांबं, गाळ्याचं भाडं, आपला नफा, सगळं लोकलमध्ये येतं. काही मंत्रालयांच्या अधिसूचनेत विशिष्ट वस्तूंसाठी वेगळी पद्धत असते, ती टेंडरात दिलेली असते.

वरचंच पॅनेल घेऊ. भाव 2,40,000. आयात ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारा) 78,000, पीएलसी (पॅनेलचा छोटा संगणक) 22,000, एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) 12,000. आयात एकूण 1,12,000, लोकल कंटेंट 53.3 टक्के. क्लास-वन झालो म्हणून पेढे वाटू नका. काँटॅक्टर (मोटार चालू-बंद करणारे स्विच) कुठून घेतले? लोहार चाळीतून, डीलरकडून, रुपयात, जीएसटीच्या बिलावर. बिल मुंबईचं असलं तरी खोक्यावर मूळ देश परदेशी छापलेला आहे. 2024 च्या सुधारणेनं हे स्पष्टच केलं: डीलर-वितरकाकडून देशात घेतलेला आयात माल लोकल धरता येत नाही. परदेशात दिलेली रॉयल्टी नाही, आयात माल नव्या खोक्यात घालून किंवा नवं नाव लावून विकला तर तोही नाही. काँटॅक्टर 14,000 चे. आयात झाली 1,26,000 आणि तुम्ही आलात 47.5 वर. क्लास-टू.

मग भाचा म्हणाला, एचएमआय भारतात बनलेला घेऊ. घेतला. आयात 1,14,000, लोकल कंटेंट 52.5. परत क्लास-वन. बहुतेक लोक इथे थांबतात आणि प्रमाणपत्रावर सही करतात.

थांबू नका. एल-वनचा 2,10,000 चा भाव जुळवायला बोलावलं की त्या भावावर परत टक्के काढा. आयात तेवढीच, 1,14,000. उरतात 96,000. म्हणजे 45.7 टक्के. प्राधान्य घेतलंत क्लास-वन म्हणून, आणि ज्या क्षणी भाव उतरवलात त्या क्षणी तुम्ही क्लास-वन राहिला नाहीत. बोलीसोबतच्या कागदावर 52.5, प्रत्यक्षात माल जातो 45.7 चा. प्रतिस्पर्ध्यानं तक्रार केली तर हा हिशेब कुणीही कॅल्क्युलेटरवर करू शकतो.

म्हणून आमच्या वर्कशॉपात भिंतीवर लिहून ठेवलं आहे: आयातीची दुप्पट हा तळ. आयात 1,14,000 असेल तर 2,28,000 च्या खाली जायचंच नाही. खाली जायची तयारी ठेवायची असेल तर आधी आयात कमी करा. आम्ही काँटॅक्टरही इथे बनलेले घेतले. आयात उरली 1,00,000, तळ आला 2,00,000 वर, आणि 2,10,000 ला लोकल कंटेंट 52.4 बसला. परवडतं का, हा पुढचा वेगळा हिशेब.

देशी सुटा भाग शोधताना मालक कोणत्या देशाचा ते बघू नका, कारखाना कुठे आहे ते बघा. आदेशाला भांडवलाचा रंग दिसत नाही, मूल्य कुठे वाढलं ते दिसतं. सीमेन्स जर्मन, पण त्यांचा कळवा वर्क्स ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोलीत आहे. तिथे जे बनतं ते इथलं. उलट आडनाव अस्सल मराठी आणि माल सगळा कंटेनरमधून उतरलेला, तर तो नॉन-लोकल. मात्र बहुराष्ट्रीय कंपनीच्या एकाच कॅटलॉगात अर्धी मॉडेलं इथली आणि अर्धी बाहेरची असतात. मॉडेल नंबरनिहाय मूळ देशाचं पत्र मागा. सेल्सवाला फोनवर "मॅडम, सगळं मेक इन इंडियाच आहे" म्हणेल. पत्र मागितलं की आवाज बदलतो.

बसवणी, वाहतूक, विमा, प्रशिक्षण, एएमसी (वार्षिक देखभाल) हे खर्च दाखवून आयात यंत्राचा लोकल कंटेंट फुगवायची एक पद्धत पूर्वी जोरात होती. 2021 च्या मार्चमध्ये केंद्रानं तिला खुलाशानं चाप लावला. तरी कुणी सुचवलं तर हात जोडा.

प्री-बिडमध्ये तोंड उघडा

देशी माणूस टेंडरात भावावर हरतो त्याहून जास्त वेळा स्पेसिफिकेशनमध्ये हरतो, असा माझा अनुभव आहे. एकाच परदेशी ब्रँडच्या कॅटलॉगातून उतरवलेली मापं, परदेशात पुरवठ्याचा अनुभव, कामाच्या मानानं अवाढव्य उलाढाल. 2020 च्या आदेशात स्पष्ट आहे की अनुभवाच्या अटीत निर्यातीचा किंवा इतर देशांत पुरवठ्याचा पुरावा मागू नये, आणि उलाढालीची अट क्लास-वनला विनाकारण बाहेर ठेवणारी नसावी. टेंडरातल्या अटीचा क्रमांक, आदेशातला परिच्छेद आणि तुम्हाला हवा असलेला बदललेला मजकूर, असं तिन्ही लिहून पाठवा. नुसतं 'अट अन्यायकारक आहे' लिहिलं तर उत्तर येतं, 'निविदेप्रमाणे'.

अट कशावर लावली आहे हे किती महत्त्वाचं, ते केंद्राच्या सौर मिशननं शिकवलं. 2010 नंतरच्या पहिल्या टप्प्यात देशी मालाची सक्ती स्फटिक सिलिकॉनच्या सौर पॅनेलांवर होती, थिन-फिल्म (पातळ थराची) पॅनेलं मोकळी होती. विकासकांनी थिन-फिल्मच आयात केली, अमेरिकेतून, अमेरिकेच्याच एक्झिम बँकेच्या स्वस्त कर्जावर. त्यावर कळस म्हणजे अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 2016 मध्ये आपण हरलो. 'ही सरकारी खरेदी आहे' हा आपला बचाव टिकला नाही, कारण सरकार वीज विकत घेत होतं, सौर सेल नव्हे. सरकार जी वस्तू स्वतः विकत घेतं तिच्याबाबत मात्र आपले हात बरेच मोकळे आहेत. त्या संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत फक्त निरीक्षक आहे, सदस्य नाही.

कागद

10 कोटींपर्यंत स्वतःचं प्रमाणपत्र चालतं, त्यात टक्केवारी आणि मूल्यवृद्धी कुठे होते तो पत्ता हवा. त्यावर गेलात तर कंपनीला वैधानिक किंवा कॉस्ट ऑडिटरचं, इतरांना सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं. खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत बंदी. 5 लाखांच्या आतली खरेदी आदेशाच्या बाहेर आहे.

उद्यम नोंदणी नसेल तर आजच करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राचं 2012 चं वेगळं धोरण आहे: ईएमडी (बोलीसोबतची अनामत) माफ, आणि एल-वनच्या 15 टक्क्यांच्या आत असाल तर भाव जुळवून निदान 25 टक्के मालाची संधी. हेही उत्पादकाला, व्यापाऱ्याला नाही. सुरक्षा ठेव मात्र दोन्हीकडे भरावी लागते. दोन्ही प्राधान्यं एकाच टेंडरात आली तर क्रम कसा लावायचा, यावर खर्च विभागाचा 2023 चा खुलासा आहे. खरेदी अधिकाऱ्याला तो ठाऊक असेलच असं धरू नका, प्रत सोबत न्या.

कुठे हात घालू नये

सगळं इथेच बनलं पाहिजे असा हट्ट मला नाही. अटल सेतूवर जे ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक (पुलाचा पोलादी पृष्ठभाग) बसले ते भारतात पहिल्यांदाच होत होते. तिथे एल अँड टीबरोबर जपानची आयएचआय होती, टाटा प्रोजेक्ट्सबरोबर कोरियाची देवू. न येणारं काम येणाऱ्याकडून करून घ्यावं, फक्त शिकून घ्यायची अट करारात घालावी. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या 240 डब्यांपैकी 60 कोरियाहून तयार आले आणि उरलेले बीईएमएल या सरकारी कंपनीनं बेंगळुरूत बांधले. पुढे मुंबईच्या 2अ आणि 7 मार्गिकांचे डबे त्याच बीईएमएलनं दिले. आमच्या बेलापूर-पेंधर मेट्रोचे डबे मात्र चीनच्या सीआरआरसीचे आहेत.

आणि स्वस्त बोली म्हणजे स्वस्त काम, हेही गृहीत धरू नये. पूर्वेकडच्या मालवाहू रेल्वे मार्गावर कानपूर-मुघलसराय टप्प्याचं 471 कोटींचं सिग्नलचं काम बीजिंगच्या संस्थेला दिलं होतं. चार वर्षांत जेमतेम 20 टक्के झालं, आणि 2020 मध्ये रेल्वेनं ते काढून घेतलं. देशी पुरवठादारही असेच रखडवतात, आपल्यात कुणी संत नाही. म्हणून तुमच्या क्षमतेच्या बाहेरचं प्रमाण असेल, किंवा भाव जुळवला तर आयातीच्या दुपटीखाली जात असेल, तर ते टेंडर सोडा.

काम मिळाल्यावर

प्रत्येक सुट्या भागाचं खरेदी बिल, मूळ देशाचं पत्र आणि सिरीयल नंबरचा फोटो एकाच फाइलीत ठेवा, टेंडर क्रमांक घालून. तक्रार तुमच्याविरुद्धही येऊ शकते. दुसऱ्यानं खोटं प्रमाणपत्र दिल्याची शंका असेल तर लेखी तक्रार करता येते, काही ठिकाणी शुल्क असतं. हाती कॅटलॉग आणि आयात मालाचे फोटो असल्याशिवाय ती करू नका.

बिलाचं दुखणं शेवटी येतंच. सूक्ष्म-लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत, नाही तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, असं 2006 चा कायदा सांगतो. सरकारला देशी कारखानदार जगवायचा असेल तर माझ्या मते वीस टक्क्यांच्या प्राधान्यापेक्षा हे एक कलम पाळलं तरी पुष्कळ होईल. तोवर माल पोचल्याच्या पावतीवर तारीख आणि शिक्का घ्या, बिल ईमेलनंही पाठवा, मुदत उलटली की आधी स्मरणपत्र आणि मग थकीत बिलांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. पुढचं टेंडर हातचं जाईल या भीतीनं बरेच जण अर्ज करत नाहीत. मी करते, आणि अर्जाची प्रत त्याच कार्यालयाच्या लेखा विभागात स्वतः नेऊन देते.